दहा अक्षरं, एका ओळीत

प्रिय भिंगरी,

आधी अक्षराला पोटभर हसून घे. पंधरा वर्षं मुलांना कॉम्प्युटरची सी भाषा शिकवता शिकवता तुझ्या आत्याची पेन धरायची सवयच मोडली आहे. पण तू फोन उचलत नाहीस, दादाकडून निरोप पाठवला तर 'बघू' एवढंच उत्तर येतं, आणि दुसऱ्या वर्षाचे प्रवेश सोमवारी बंद होतात. परवा दादा सांगत होता, तू बापाला ठणकावून सांगितलंस की हा विषय माझ्या डोक्यात शिरणारा नाही, त्यापेक्षा वह्या-पेनांच्या दुकानातली नोकरी बरी. नोकरी बरी असेलही, पण ते डोक्याबद्दलचं वाक्य ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

तुझ्या डोक्याबद्दल मला नको सांगूस. आठ वर्षांची असताना तू माझ्या कीबोर्डची सगळी बटणं उपटून पुन्हा बसवली होतीस, ए पासून झेडपर्यंत ओळीने, कारण 'कुणीतरी चुकीची लावली होती'. मी दोन दिवस त्याच कीबोर्डवर काम केलं आणि मला पत्ताही लागला नाही. मी खाली बघतच नाही ना, बोटंच चालतात. तिसऱ्या दिवशी दादा बिचारा अर्ज टाइप करायला बसला आणि अर्ध्या तासाने डोळे चोळत उठला, की मला चष्मा लागलाय. तू पलंगाखाली लपली होतीस. मी रागवायला खाली वाकले आणि हसत हसत तिथेच बसले.

इकडे सध्या माझी आवराआवर चालू आहे. प्रयोगशाळा नव्या सरांच्या ताब्यात द्यायची आहे. सर तुझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे असतील, पण भलतेच शिस्तीचे. खुर्च्यासुद्धा मोजून घेतात. त्यांना मागच्या परीक्षेचे प्रश्न आणि मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम जोडीने लावून हवे होते, म्हणून मंगळवारी मी ते सगळे काढून बसले. तुझाही त्यात होता. तो उघडायला मी टाळाटाळ करत होते, खोटं कशाला बोलू? प्रात्यक्षिकाच्या दिवशी तुझ्या पडद्यावर जे दिसलं होतं ते अजून डोळ्यांसमोरून गेलेलं नाही. टाइप केलेली दहा अक्षरं वाचायची आणि वर्णक्रमाने लावून दाखवायची, एवढंच काम. मी एकेक अक्षर टाइप करून एंटर दाबत गेले, तर तुझा प्रोग्रॅम पाचव्या अक्षरालाच थांबला. वर पाच कोऱ्या ओळी आणि खाली कशीबशी पाच अक्षरं.

आणि माझा पारा चढला. एंटर हेसुद्धा यंत्राच्या लेखी एक अक्षरच असतं, ते गिळायचं नसेल तर वाचण्याच्या आज्ञेत एक रिकामी जागा सोडायची, हे मी वर्गात घसा फोडून सांगते. तुला तर घरी चहा पिताना सांगितलं होतं. बाकीच्या तेवीस जणांनी ती जागा बरोबर सोडली होती आणि माझीच भाची खड्ड्यात पडली, असं वाटलं. त्यात भाचीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, ही माझी जुनी धास्ती. दुसऱ्या कुणाला मी निदान पुन्हा एकदा चालवून बघायला सांगितलं असतं. तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस आणि मी तुला सगळ्यांसमोर गप्प केलं. शून्य दिलं. तू पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलीस ती परत आलीच नाहीस.

भिंगरी, मंगळवारी मी प्रश्नपत्रिका वाचली. माझी मीच काढलेली, पण वाचली मंगळवारी. या वेळी मीच प्रश्न बदलला होता: दहा अक्षरं एका ओळीत टाइप करावीत आणि शेवटी एकदाच एंटर दाबावं. मग तुझा प्रोग्रॅम चालवला. दहा अक्षरं सलग, शेवटी एंटर. दहाच्या दहा ओळीने उभी राहिली. मी सात वेळा चालवला, दर वेळी वेगळी अक्षरं घालून. त्या तेवीस जणांनी मी शिकवलेलं घोकून उतरवलं होतं. प्रश्न वाचला होता फक्त तू, आणि मला तेच सांगायला तू तोंड उघडलं होतंस. चुकले मी. माझी बोटं नेहमीच्या सवयीने गेली आणि मी तुझं ऐकून घेतलं नाही. काल प्राचार्यांना हे सगळं लेखी दिलं. ते म्हणाले, कशाला उकरून काढता, पोरगी पुन्हा परीक्षेला बसेल की. मी सही घेतल्याशिवाय उठले नाही. हे तुला तोंडावर सांगायला मी दोनदा दुकानापर्यंत आले. तू गिऱ्हाइकाला वही बांधून देत होतीस, आणि माझा धीर झाला नाही. सुधारलेलं निकालपत्र सोबत जोडलं आहे. सोमवारी यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी आग्रह करणार नाही, तो हक्क मी घालवला आहे. फक्त आपल्याला हे जमत नाही म्हणून राहू नकोस, बाळा. तुला जमलं होतं.

तुझीच, खजील झालेली
आत्या