मीठ किती, ते बाबा सांगतात

३ मार्च
पुन्हा तेच स्वप्न! मी गाजराचं सूप पितेय आणि मला चव लागतेय. अगदी जीभभर. जाग आली तर तोंडात नुसती ऊब. डोळे मिटून तशीच पडून राहिले.
ज्या तापात हे गेले, त्याच तापानं माझी चवही नेली. वर्ष झालं. बाहेर कुणाला ठाऊक नाही. सूप विकणारी बाई, आणि जिभेनं आंधळी!

९ मार्च
शिवणाच्या कारखान्यात रोजचे वीस डबे लागून दीड महिना झाला. घर त्यांच्यावरच चाललंय.
सकाळी काचा वाफेनं पांढऱ्या होतात, बाहेरचं झाड ढगात उभं असल्यासारखं दिसतं. मी ढवळता ढवळता कुठल्या कुठे जाते. मीठ कधी पडलं तेही कळत नाही. मग सासरेबुवा चमचा तोंडात धरून डोळे मिटतात. "फक्कड!" त्यांच्या जिभेवर माझा सगळा डोलारा.

१४ मार्च
आज चिडले. "बाबा, रोज कसं फक्कड असेल? माझं मन राखू नका. कमीजास्त सांगा की!" ते चमचा विसळायला उठले.

१५ मार्च, सकाळ
"मीठ जरा कमी वाटतंय," म्हणाले. कित्ती बरं वाटलं! दोन मोठे चमचे भरून वाढवलं.

१५ मार्च, संध्याकाळ
वीसच्या वीस डबे परत. भरलेले! कारखान्याच्या बाई म्हणाल्या, "अहो, तोंडात घालवेना. उद्याही असंच असेल तर परवापासून नको."
बाबांना विचारलं. पलंगाच्या कडेला बसले, मान खाली. "सूनबाई, मला कुठली चव? जीभ कधीच गेली. तू इतक्या आशेनं चमचा पुढे केलास, नाही म्हणवेना. काल रागावलीस, म्हणून आज आपलं काहीतरी म्हटलं."
भांडले. रडले. त्यांना जेवायलाही वाढलं नाही. मग वाढलं.

१६ मार्च
पहाटे एकदम लख्ख कळलं — म्हणजे दीड महिना ते सूप कुणीच चाखलं नव्हतं! मी नाही, बाबा नाही. आणि रोज डबे चाटूनपुसून रिकामे येत होते.