बाटलीचं झाकण

प्रिय ताई,

मायन्यातच अडखळलो. आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं, मग खोडलं. लहानपणी मी वचनं घडाघडा पाठ म्हणायचो म्हणून तू मला पोपट म्हणायचीस. तो पोपट एवढा साळसूद कधी झाला, असं म्हणून तू हसली असतीस. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, चर्चचं छत एकदाचं गळायचं थांबलंय, आणि पुढच्या महिन्यात मी पाळकपणातून निवृत्त होतोय. बेकरीवालीची छकुली आठवते ना? तिला सातवा महिना लागलाय. आठवते ना, असं मी तुला विचारतोय! बघ, अजून जिभेला हाड नाही.

बेकरीमागची ती खोली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. भट्टीच्या भिंतीची ऊब, पिठाच्या पोत्यांवर घडी करून ठेवलेले टॉवेल, आणि बेकरीवालीच्या बाळंतपणात दुपारभर राबून घामानं निथळलेली तू. बाळाचं काही खरं नाही, निदान बाप्तिस्मा तरी व्हावा, म्हणून मला बोलावलं होतं. मी पाण्याची बाटली उघडून तयार. बाळ निळं पडलेलं, रडणं नाही की हलणं नाही. तू त्याच्या नाकातोंडावर तोंड ठेवून फुंकत होतीस, गालात मावेल तेवढीच हवा, मग थांबून पुन्हा. मी काय केलं, तर घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली होती. बाप्तिस्मा जिवंतांना देतात, हा नियम आठवला आणि मी बाटलीला झाकण लावलं. वर तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो की सोड आता, देवाची इच्छा. तू कोपरानं माझा हात झटकलास. तुझी दोन बोटं त्या छातीवर होती, आत धडधड चालू आहे हे तुला कळत होतं. मला साधं विचारायचंही सुचलं नाही. मी मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली. तोंडपाठ, अर्थातच. दुसऱ्या ओळीला बाळ रडलं.

बेकरीवाली गुंगीत होती. तिला माझे शब्द काही कळले नाहीत, फक्त माझा आवाज आणि पाठोपाठ लेकीचं रडणं ऐकू आलं. पुढच्या रविवारी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की पाळकांनी प्रार्थना केली आणि माझ्या पोरीत जीव आला. मी नाही म्हणालो नाही, ताई. उलट त्यावर प्रवचन ठोकलं. आयत्या बिळावर नागोबा! तू मागच्या बाकावर होतीस. लोक माझा हात हातात घेत होते तेव्हा तू उठून गेलीस, ती पुन्हा चर्चमध्ये आली नाहीस. कुणी विचारलं तर मी सांगायचो, ताईला सवड कुठे असते. तेवीस वर्षं हेच सांगतोय.

आणि प्रवचनाचा विषय कोणता, तर देवाचा श्वास. देवानं उजेड केला तो नुसत्या शब्दानं, पण माणूस करताना त्यानं हात मातीत घातले आणि आपलं तोंड त्या मातीच्या नाकाशी नेलं. हे मी किती वेळा सांगितलं असेन! तरी माझ्या मनात तो श्वास कुठूनतरी वरून, स्वच्छ, माझ्या शब्दांवर स्वार होऊन येत होता. त्या दिवशी तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याला चहाचा वास येत होता आणि त्याच्या कपाळावर केस चिकटले होते. मला तो ओळखता आला नाही. प्रभूनं मेलेल्यांतून पुन्हा उठल्यावर ज्या शिष्यांवर आपला श्वास फुंकला, ते सगळे ऐनवेळी पळून गेलेले, दारं लावून बसलेले होते. आजकाल मी त्या दाराशीच घुटमळतो.

परवा छकुली घरी आली. माझा हात धरून म्हणाली की बाळंतपणाच्या वेळी तुम्ही खोलीत या, आणि माझ्या जन्माच्या वेळी म्हटलीत तीच प्रार्थना म्हणा. तीच! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सगळं सांगितलं, घड्याळापासून झाकणापर्यंत. तिनं माझा हात सोडून स्वतःच्या पोटावर ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. मग फक्त तुझा पत्ता विचारला. ती गुरुवारी चारला येईल, तिला दार उघड. येत्या रविवारी मी हे पत्र चर्चमध्ये वाचून दाखवणार आहे. तू यावंस असं म्हणायला मला तोंड नाही. माझी मागणी एवढीच, तिच्या वेळेला तू आत असावंस. तू आता बाळंतपणं करत नाहीस हे माहीत आहे, दवाखान्यातली माणसं करतील. तू नुसती तिच्या उशाशी बस. मी आत येणार नाही. बाहेर उभा राहीन, बाटली उघडी ठेवून.

तुझाच,
पोपट