कमरेची पांढरी, गुडघ्याची पिवळी

बाबा, आज चंद्रपूरला हाडाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. सकाळी माझी बोटं मिटत नाहीत, पोळी लाटताना लाटणं हातातून सुटतं. त्यांनी दुखणं आणि सूज उतरवणाऱ्या दोन गोळ्या सांगितल्या. एक जुनी, पोटाला जाळणारी. दुसरी पोटाला सोसणारी, पण माझं बीपी पाहता त्यांना ती नको वाटत होती. पोटाचं काही नसेल तर जुनीच देतो, म्हणाले.

तुम्ही कागदाच्या कारखान्यात दिवसभर बांबू उचलून घरी यायचे. दुखणं एका गोळीनं भागेना, म्हणून मेडिकलमधून दुसरी मीच आणली. तुम्ही लगेच वाटणी करून टाकली, पांढरी कमरेची, पिवळी गुडघ्याची. "दोघींचं काम वेगळं, मंग भांडन काऊन होईन?" असं हसून म्हणायचे. मी रोज दोन्हींची पुडी बांधून तुमच्या डब्यात ठेवायची. रंग वेगळा, नाव वेगळं, म्हणजे औषधही वेगळं असं मीही धरून चालले. दोन्ही एकाच जातीच्या, पोट जाळणाऱ्या होत्या, हे दवाखान्यात कळलं, तुम्ही गेल्यावर.

ती सकाळ डोळ्यांसमोरून जात नाही. मी चुलीपाशी आहे आणि तुम्ही दारात उभे राहून हळूच सांगता, "पोरी, संडास काळी होऊन राह्यली." मी मागे वळूनही पाहत नाही. "काल जवसाची चटनी खाल्ली ना तुमी, त्यानं. काई नाई होत." तुम्हाला ते पटलं. त्या दिवशीही दोन्ही गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी अंगणात रक्ताची उलटी झाली.

आज डॉक्टरांनी मान खाली घालूनच विचारलं, घरात कोणाला पोटात रक्तस्राव झाला होता का. हो म्हटलं असतं, तर कशानं झाला, गोळ्या कोण द्यायचं, हेही सांगावं लागलं असतं. मी नाही म्हटलं. त्यांनी जुनी लिहून दिली. बल्लारपूरच्या बसमध्ये पाकीट उघडलं, तर आत पिवळीच गोळी.

बाबा, मले लय भेव लागते. फोन करून खरं सांगावं, एवढंही होत नाही माझ्याच्यानं. दुपारी जेवून एक गोळी घेतली. जेवताना जवसाची चटणी मात्र ताटात घेतली नाही. उद्या काळं दिसलंच, तर यावेळी मले चटनीचं नाव सांगता येऊ नये.