खंजिरीऐवजी वाजलेले रडणे

प्रति,
मा. कुलसचिव साहेब,
रागवर्धिनी विद्यापीठ, यवतमाळ.

अर्जदार : घनश्याम भोयर, रा. बाभुळगाव, खंजिरीवादक, गावचे भजन मंडळ.

विषय : संगीत विभागाने कार्यक्रमात वाजवलेले अर्जदाराचे रडणे कायमचे पुसून टाकण्याबाबत.
संदर्भ : वार्षिक संगीत सादरीकरण, दि. १८ जानेवारी २०२५.

महोदय,

१. पत्नी कोकिळा वारल्यापासून अर्जदाराची झोप उडाली आहे. संगीताने झोप येते का, यावर आपल्या विभागाचे संशोधन बाभुळगावात सुरू असल्याचे कळल्यावरून अर्जदार तेथे गेला. विभागाच्या दिपाली मॅडमनी आधी त्याची खंजिरी रेकॉर्ड केली, मग कानाला हेडफोन लावून सारंगी ऐकवली. ऐकता ऐकता अर्जदाराचा बांध फुटला. माइक चालूच होता, हे त्यास ठाऊक नव्हते.

२. पुढे मॅडमचा फोन आला, "काका, तुमचं रेकॉर्डिंग कार्यक्रमात घेतलंय, नक्की या." अर्जदाराने खंजिरीच गृहीत धरली, गावभर मिरवून घेतले आणि अख्खे मंडळ जीप करून यवतमाळला नेले. विद्यार्थ्यांचा आलाप संपला आणि सभागृहात हुंदके सुरू झाले. पाठोपाठ, "कोकिळे, मले एकटं टाकून काहून गेली वं!" मंडळींनी आवाज ओळखला. सगळ्या माना अर्जदाराकडे वळल्या आणि बाकीच्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. वर त्यास मंचावर बोलावून, उपचाराने बरा झालेला रुग्ण म्हणून शाल-श्रीफळ दिले. ते त्याने मुकाट्याने घेतले, याचीही लाज वाटते. (झोप अद्याप येत नाही. संशोधनात तशी दुरुस्ती व्हावी.)

३. तेव्हापासून गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. शेजारच्या तानाबाईंचे यजमान वारले तेव्हा त्यांचा जावई रडला नव्हता. त्याला त्यांनी अर्जदाराच्या ओसरीवर आणून बसवले आणि म्हणाल्या, "भाऊजी, यालेही रडवून द्या." तो चहा पिऊन गेला.

याहून वाईट असे की मयतीला खंजिरी आता अर्जदाराच्या हाती देत नाहीत. तिरडीपुढे भजन चालते तेव्हा खांदेकऱ्यांची पावले खंजिरीच्या ठोक्यावर पडतात. वाजवणारा रडला की ठोका चुकतो आणि तिरडी हेलकावते, म्हणून त्याने रडायचे नाही, असा मंडळाचा रिवाज आहे. ढोलकीवाला पिंटू परवा तोंडावर म्हणाला, "बुवा, तुम्ही राहू द्या. आता तुमचा भरवसा नाही."

४. सबब, सदर रडणे पुसून टाकावे.

५. मात्र त्याआधी एक काम व्हावे. लिहिताना संकोच होतो. कोकिळेच्या मयतीतही खंजिरी अर्जदारानेच वाजवली. शेवटच्या वाटेवर तिला हिसका बसू नये, एवढेच मनात होते, म्हणून डोळे कोरडे ठेवले. ते मुलगी सुरभी हिने पाहिले. तेरवीला ती म्हणाली, "आई चालली होती अन् तुम्ही वाजवून राह्यलते, बाबा. डोयात पाण्याचं टिपूस नव्हतं." ती फुलसावंगीला सासरी परतली, ती आजवर बापाशी बोललेली नाही. तिच्यासमोर रडून दाखवणे अर्जदारास जमत नाही. तरी ते रेकॉर्डिंग विभागाने तिच्या फोनवर पाठवावे.

तिने ऐकेपर्यंत मात्र पुसू नये.

मान खाली घालून, आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

घनश्याम भोयर
बाभुळगाव, दि. ९ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) शाल, परत.
२) नारळ (मिळालेला मंडळींनी जीपमध्येच फोडला, हा नवा आहे).
३) सुरभीचा मोबाईल नंबर.