मागच्या अंगणातलं हिरवं कोर्ट

फरीदाबाद,
शनिवार, १४ जून २०२५

चि. मैत्री,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघाही सध्या गप्प आहे. जावईबापूंच्या बदलीचं काय झालं ते कळव.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुझा सिद्धांतदादा हल्ली घरूनच काम करतो आणि माझ्या खोलीची भिंत त्याच्या खोलीला लागून आहे. मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

मागच्या अंगणात बॅडमिंटनचं कोर्ट होतंय. होतं ते गवत खरवडून काढलं, खडी टाकली, तीवर रोलर फिरवला, आणि आता ठेकेदाराची माणसं प्लास्टिकच्या हिरवळीच्या गुंडाळ्या उलगडून सांधे चिकटवताहेत. वरून बारीक वाळू टाकून ब्रशने आत घालतात, म्हणजे पाती उभी राहतात म्हणे. माझा कढीपत्ता गेला, मेथीचा वाफा गेला. त्याचं मला काही नाही. पण ज्या मुलाने जन्मात कॅरमखेरीज काही खेळलं नाही, त्याला एकदम हे काय सुचलं? विचारलं तर म्हणाला, "अरे यार आई, रोशनीसाठी. एक्सरसाइज हो जाएगी." त्याची लेक तर पार्कमधल्या कोर्टवर रोज जात होती, आणि पार्क आमच्या मागच्या भिंतीलाच लागून आहे. शेजारी कोर्ट असताना घरात कोर्ट कोण बांधतं?

तीस वर्षं ऑडिटमध्ये काढली मी. कारण फार सरळ दिसलं की मला जास्त शंका येते.

तूच बघ. या घरात येऊन वर्ष व्हायचं आहे. दारावर पाटी लागली ती नुसती 'सिद्धांत-स्वरूपा'. आडनाव नाही. स्वरूपा म्हणाली, आजकाल असंच चालतं. बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये होता, तो माझ्या खोलीत आला, कारण "तुझ्याकडे उजेड छान आहे." दिल्लीला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तुझ्या बाबांनी तो दारासमोरच लावला होता, येणाऱ्याची पहिली नजर त्यावर पडावी म्हणून. आणि आता कोर्टाभोवती उंच जाळी, शिवाय पार्कच्या बाजूला डोक्याच्याही वर जाईल असं हिरवं कापड. मला तर वाटतं, ऑफिसचे लोक खेळायला येणार असतील. बाजूच्या बोळातून मागच्या मागे येतील, खेळतील, जातील. हॉलमधून, माझ्या दारावरून कुणाला जायला नको.

लिहू की नको म्हणत होते, लिहूनच टाकते. सिद्धांतला आपली लाज वाटते, मैत्री. माझी वाटते. तुझे बाबा असते तर त्यांच्याजवळही हे बोलायला माझी जीभ रेटली नसती.

सोमवार, १६ जून

पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं.

काल सकाळी कोर्ट पुरं झालं. खेळायला कुणीही आलं नाही, ना ऑफिसचं, ना गल्लीतलं. रोशनी एकटीच शटल वर उडवून झेलत होती. मी म्हटलं, "मैत्रिणींना बोलाव की."

"वो लोग नहीं आएँगे, आजी. खीरच्या नंतर ते मला पार्कमध्ये पण टीममध्ये नाही घेत."

बुद्धपौर्णिमेला मी गल्लीत घरोघरी खीर दिली होती. कशाची म्हणून ज्यांनी विचारलं त्यांना सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध, बाबासाहेबांच्या वाटेने आलेले. लपवण्यासारखं त्यात काय होतं? सगळ्यांनी हसून वाट्या घेतल्या होत्या.

"सामनेवाली आंटीने आपली खीर गाय को डाल दी," रोशनी म्हणाली. "मी बघितलं."

तशीच आत गेले. सिद्धांत मोबाइल बघत पडला होता. आधी पाटीचं विचारलं. तो उठून बसला आणि म्हणाला, "हो आई, आडनाव मी मुद्दाम नाही टाकलं. फोटो पण मीच हलवला. डर लगता था." म्हणजे तेवढा संशय खरा निघाला, आणि खरा निघाल्याचं मला रडू आलं. पण कोर्ट पाहुण्यांसाठी नव्हतं. हिरवं कापड लावलं ते पलीकडे खेळणाऱ्या मुली रोशनीला दिसू नयेत म्हणून. आणि मला सांगितलं नाही, कारण मी स्वतःला दोष देत बसले असते. इतके दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवून होते आणि तो मला जपत होता.

माझ्या वडिलांच्या गावात आपल्या वस्तीला वेगळी विहीर बांधून दिलेली होती. पाणी चांगलं होतं तिचं. तरी तिचा विषय निघाला की वडिलांचा चेहरा उतरायचा. मी सिद्धांतला म्हटलं, "तू पोरीला वेगळी विहीर खोदून दिलीस रे."

तो चिडला. "मग काय करू? दस साल की है वो. तिने सत्याग्रह करायचा का?"

"तिने नको. मी जाते तिच्याबरोबर."

संध्याकाळी दोन रॅकेट घेऊन आम्ही निघालो. पार्कच्या फाटकाशी रोशनी थांबली, माझा पदर ओढून हळूच म्हणाली, "आजी, तिथे कुणाला जय भीम नको बोलूस हां."

जे मी मुलाच्या वागण्यात शोधत होते ते नातीच्या तोंडून ऐकलं. मी तिचा हात धरून फाटक ढकललं. आम्ही खेळलो. म्हणजे ती खेळली, मी शटल उचलत राहिले. मुली लांबून बघत होत्या, जवळ कुणी आली नाही. आजही जाणार आहे, उद्याही जाणार. पण तिला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुला सुचलं तर लवकर कळव.

सिद्धांतला हे सांगितलेलं नाही. तुला सांगितल्याशिवाय मात्र घास उतरत नव्हता. पत्रात तरी मला कुणी नको म्हटलेलं नाही.

जय भीम.

तुझी आई,
शीला