डोळे स्थिरावेपर्यंत

अण्णा, आज शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या. मधुमेहावर सुई सुरू झाली आणि पोथीतली अक्षरं पुसट झाली. "डॉक्टरांना डोळे दाखवा, पण चष्म्याची घाई नको," एवढं त्यांना सांगितलं. त्या गेल्या आणि मला आपली रेवदंड्याची ओटी दिसू लागली.

आजार कळण्याआधी तुम्ही अचानक चष्म्यावाचून वाचू लागला होतात. वाडीत सुपारी सोलणाऱ्या बायकांनाही ऐकवायचात, "माझे डोळे तरुण झाले!" जुना चष्मा तर पालीला जाऊन बल्लाळेश्वरापुढे ठेवून आलात. ती वाढलेल्या साखरेची करणी होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक? मग इन्सुलिन आलं. तुमची तहान कमी झाली, अंग भरलं, आणि वर्तमानपत्र मात्र धूसर झालं.

ती सकाळ अजून तशीच आहे. मी सुई उकळून आणते आणि तुम्ही दंड झाकून घेता.

"नको. हिनंच माझे डोळे नेले."

"अण्णा, साखर उतरली की नजर बदलते, असं डॉक्टर म्हणाले ना? साखर एका जागी टिकू दे, मग नंबर काढू. आत्ता केलेला चष्मा महिन्यात फुकट जाईल."

"तू बी.ए. झालीस, डॉक्टर नव्हेस."

"मग बाप्पाला दिलेला परत मागून आणा!" आई आतून म्हणते.

तुम्ही हसत नाही. सुई थांबली तर तुम्ही हाती लागणार नाही, हे मला कळतं. आणि आंधळं होऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं, हे तुमच्या तोंडावर दिसतं. घरातली पहिली पदवीधर मी, पण त्या क्षणी एकच सुचतं.

"तोवर मी वाचून दाखवते."

"कुठवर?"

"तुम्हाला दिसेपर्यंत."

तुम्ही दंड पुढे करता.

मग रोज संध्याकाळी ओटीवर मी वाचायची. मध्येच तुम्ही म्हणायचात, "वाचतेस की सभेत भाषण करतेस?" बायकांच्या शिक्षणावरच्या अग्रलेखावरून तर आपलं कडाक्याचं भांडण झालं. एवढं आपण आधी कधी बोललो नव्हतो, अण्णा. साखर टिकली, नंबर निघाला, चष्मा आला. तुम्ही माझ्या हातातून वर्तमानपत्र घेतलंत आणि मोठ्यानं वाचलंत. आई रडली. त्यानंतर जाईपर्यंत तुम्ही स्वतःच वाचत राहिलात, मनातल्या मनात.

हे पत्र कुठे धाडणार? तरी एक सांगते. चष्मा येणार हे कळलं, त्या संध्याकाळी शेवटचं पान मी मुद्दाम सावकाश वाचलं होतं.