दस्त्यावरचं तिसरं नाव

वुकोता,

दानिलोला घेऊन कोटोरला माझ्या आईकडे जातेय. त्याच्या आंघोळीच्या टबात तू बंदुकीचा दस्ता भिजवलास. पॉलिश काढायच्या त्या औषधाने बाळाची कातडी सोलून निघेल. नवा टब आण. जवसाच्या तेलाची फडकी दोरीवर पसरलीत, बोळा करून टाकू नकोस, आपोआप पेटतात.

पॉलिश निघाल्यावर तुझ्या आजोबांचं आणि भावाचं कोरलेलं नाव स्वच्छ दिसतंय. दोघंही गोळीनेच गेले. त्यांच्याखाली तू पेन्सिलीने दानिलोचं लिहिलंयस. तुझ्या आई म्हणाल्या, "अगं, मान असतो तो! रडतेस काय वेड्यासारखी?"

मी ते पुसलंय. उपयोग नाही, माहीत आहे. रविवारी परत येईन, तोवर तू ते कोरलं असशील.

सेन्का